पत्रे दिसता कामा नयेत

प्रिय सुन्या,

किती महिने झाले लिहून, ते मोजू नकोस. शिव्या भेटल्यावर दे. तब्येत बरी, गुडघे आहेत तसेच.

वाड्याच्या कागदांवर सह्या झाल्या. दिवाळीनंतर पाडणार. चौकाच्या मागच्या अंगाला बिल्डरने आत्ताच निळे पत्रे ठोकलेत. आईचं मागणं एकच: ओसरीवर नऊवारी नेसून, नथ घालून एक फोटो, मागे वृंदावन हवं आणि पत्रे दिसता कामा नयेत. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, मोबाइलवर काढ की!

काढला ना. भाच्याने, पोर्ट्रेट मोडवर. फोनच्या भिंगाचं भोक जेमतेम दोन-चार मिलिमीटरचं, त्यातून मागचं खरंखुरं धूसर होणार कसं? तो नुसता अंतराचा अंदाज बांधतो आणि मागचं पुसून काढतो. आईच्या कपाळावरची पांढरी बट गेली, नथीचे कडेचे मोती गेले, आणि अंबाड्याला लागून पत्र्याचा एक तुकडा मात्र लख्ख राहिला. आई म्हणाली, "हे निळं काय माळलंय मी?" भाचा म्हणतो, एडिट करतो.

मग माझा ५० मिलिमीटरचा लेन्स बाहेर काढला. एफ १.८ वर त्याचं भोक २८ मिलिमीटरचं; एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं, नि मागचं जास्त धूसर. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचं ५५ ला, एफ ५.६ वर, दहाच्या आत. दीड मीटरवरून जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा शार्प. नथ कोरून आली, कान विरघळले. पत्रे गेले, पण वृंदावनही गेलं. हिरवट-तांबूस गोळा नुसता. हसू नकोस! मेणवलीला तुला घंटेसमोर उभा केला आणि घंटाच गायब केली म्हणून तू वाईपर्यंत बोलला नव्हतास. तो फोटो चांगलाच होता, मी आजही म्हणतो. तुझा एफ १६ वाला, ज्यात घंटा, घाट, वाळत घातलेलं धुणं आणि मागून निघालेली म्हैस सगळं ठसठशीत, तो फोटो नव्हे, पंचनामा.

एफ ४ करून पाहिलं. वृंदावनाचा कोनाडासुद्धा ओळखू येतो, पण पत्र्यांच्या उभ्या पन्हळीही येतात. आईपासून वृंदावन बारा फूट आणि पत्रे त्याच्यामागे हात-दीड हात. एवढ्याशा फरकाने एक राखायचं नि दुसरं पुसायचं हे कुठल्याच भिंगाच्या बापाला जमणार नाही. आईला पुढे सरक म्हटलं, तर खांब सोडायला तयार नाही. पाठ दुखते म्हणे.

म्हणून तुझा ८५ मिलिमीटरचा लेन्स हवाय. आई तेवढीच मोठी ठेवून मला तिच्यापासून अडीच मीटरवर मागे जाता येईल, म्हणजे ओसरी सोडून माजघराच्या दारात. मागचा अरुंद पट्टाच चौकटीत येईल; कडेचे पत्रे आपोआप बाहेर, मधले वृंदावनाआड. मग २.८ ठेवू की ४, यावर भांडायला तू हवासच.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीने शेवटी कुठे ॲडमिशन घेतली? लिही.

सकाळी उजेड चौकातून, आईच्या पाठीमागून येतो. चेहरा काळा पडू नये म्हणून समोर पांढरं धोतर ताणून धरायला माणूस लागेल. तो तू. दिवाळीआधीच्या रविवारी ये, आणि लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसून आण.

तुझा,
विन्या