लॅब्राडोरचा एक खासदार

महोदय,

लोकसभेच्या मतदारसंघ पुनर्रचनेच्या चर्चेत ‘एक मत, एक मूल्य’ हे सूत्र वारंवार येते. कॅनडातील लॅब्राडोर मतदारसंघ या सूत्राचा अपवाद आहे. कॅनडात मतदारसंघांच्या सीमा ठरवायला दर दहा वर्षांनी प्रत्येक प्रांतासाठी तीन सदस्यांचा आयोग नेमतात; अध्यक्ष सहसा न्यायाधीश असतो. प्रांताच्या सरासरीपेक्षा २५ टक्के कमी-जास्त लोकसंख्या चालते, त्यापलीकडे ‘असाधारण परिस्थिती’ दाखवावी लागते.

२०२१च्या जनगणनेत न्यूफाउंडलंड बेट व मुख्य भूमीवरचा लॅब्राडोर मिळून बनलेल्या प्रांताची लोकसंख्या ५,१०,५५० होती, जागा ७, म्हणजे सरासरी सुमारे ७३ हजार. लॅब्राडोरमध्ये माणसे जेमतेम २६,६५५! क्षेत्रफळ मात्र जवळपास महाराष्ट्राएवढे. पश्चिमेला लोहखाणींची लॅब्राडोर सिटी, मध्यभागी हवाई तळाचे गूस बे, आणि उत्तर किनाऱ्यावर इन्युइट आदिवासींच्या वस्त्या, जिथे रस्ताच नाही. उन्हाळ्यात बोट, एरवी विमान. १९४९पासून हा भाग बेटावरील मतदारसंघाला जोडलेला होता. स्वतंत्र जागा १९८८च्या निवडणुकीपासून. पुन्हा जोडला, तर बेटावरची मतेच भारी पडतील.

ही सवलत कायद्यात लिहिलेली आहे, आयोगाला कारणे अहवालात द्यावी लागतात. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या विरळ वस्तीच्या भागासाठी असा लेखी निकष का नसावा?

– एक वाचक