बदललेल्या अटी वापरकर्त्यानेच शोधून काढायच्या का?

मा. संपादक,
स. न.

संकेतस्थळांच्या वापराच्या अटी कोणी वाचत नाही, अशी तक्रार नेहमी होते आणि दोष वापरकर्त्याच्या आळसावर ढकलला जातो. मी त्या वाचतो. वाचणाऱ्याचीही कशी पंचाईत होते, ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

छायाचित्रे साठवून ठेवणाऱ्या एका सेवेकडून मला मध्यंतरी ईमेल आला. ‘आम्ही आमच्या अटी अद्ययावत केल्या आहेत, यापुढे सेवा वापरत राहिल्यास त्या आपणांस मान्य आहेत असे समजले जाईल’, एवढाच मजकूर होता. काय बदलले, याचा त्यात अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. खाते उघडताना मी अटींची छापील प्रत काढून ठेवली होती, म्हणून जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. बहुतेक बदल विरामचिन्हांचे आणि कलमांच्या क्रमांकांचे होते. शेवटून दुसऱ्या कलमात मात्र एक नवे वाक्य आले होते : वाद झाल्यास न्यायालयात न जाता लवादाकडेच जावे लागेल, आणि हे नको असेल त्याने ३० दिवसांच्या आत तसे लेखी कळवावे. ईमेल येऊन तोवर ११ दिवस उलटले होते. ज्याच्यापाशी जुनी प्रत नाही, त्याला हे कळावे तरी कसे?

दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती, हे करारकायद्याचे जुने तत्त्व आहे, आणि न्यायालयांनी ते इंटरनेटलाही लावले आहे. २००२ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात म्हटले की, सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचे बटण वर आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी असेल, तर बटण दाबणाऱ्याने अटी मान्य केल्या असे धरता येत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही १ ऑक्टोबर २०१९ रोजी, कुकींच्या (संकेतस्थळे वापरकर्त्याच्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या) संदर्भात, आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निकाल दिला. माझ्या अनुभवाला सर्वांत जवळचा निकाल २००७ चा आहे. दूरध्वनी सेवा देणाऱ्या एका कंपनीने बदललेला करार ग्राहकाला न कळवता केवळ संकेतस्थळावर टाकला होता. करार बदलला की काय, हे पाहण्यासाठी ग्राहकाने वरचेवर संकेतस्थळ तपासत बसण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे अमेरिकेतील दुसऱ्या एका अपील न्यायालयाने तेव्हा ठरवले.

मला ईमेल आला, म्हणजे कळवण्याचे कर्तव्य तेवढ्यापुरते पार पडले, असे ती कंपनी म्हणू शकेल. पण बदल झाला एवढेच सांगणे आणि कोणता बदल झाला ते सांगणे यांत फार अंतर आहे. मजकूर बदलणाऱ्याला आपण कोणते वाक्य घातले हे पक्के ठाऊक असते; ते दाखवायला त्याला काही मिनिटे पुरतात, आणि तेच शोधायला प्रत्येक वापरकर्त्याने आपली संध्याकाळ घालवावी, ही अपेक्षा मला सरळसरळ अन्यायाची वाटते. हे अशक्यही नाही. गूगलच्या गोपनीयता धोरणाच्या जुन्या आवृत्त्या तारखेनिशी पाहता येतात, आणि सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेच्या धोरणांतील बदल कोणालाही पाहता येतील अशा रीतीने नोंदवलेले असतात. नव्या अटींच्या माथ्यावर बदललेली वाक्ये जुन्या वाक्यांसह द्यावीत, जुन्या आवृत्त्या उपलब्ध ठेवाव्यात, आणि ज्या बदलाने वापरकर्त्याचा हक्क कमी होतो, त्यासाठी त्याला नव्याने विचारावे. तो गप्प राहिला म्हणजे होकार, असे धरू नये.

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही वापराच्या अटी असतील. त्यांत शेवटचा बदल केव्हा झाला आणि कोणता झाला, हे आपण त्या अटींच्या वरच छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक