उपचारासाठीचा प्रवास करसवलतीत का नाही?

मा. संपादक,

रिटर्न भरायचे दिवस आले की केमो किंवा डायलिसिससाठी शहरात खेपा घालणाऱ्या कुटुंबांचा एक प्रश्न ठरलेला असतो : गाडीभाडे, लॉजचे बिल करातून वजा होते का? होत नाही. स्वतःच्या खिशातून केलेल्या या खर्चासाठी आयकर कायद्यात वजावटच नाही. तरी काही एजंट ही रक्कम ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर वजावट देणाऱ्या कलम ‘८० डीडीबी’त घुसवून परतावा काढून देतात. नंतर नोटीस येते, बिले मागितली जातात आणि माहिती खोटी ठरली तर त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड करदात्याच्या माथी बसतो, एजंटाच्या नव्हे.

हक्काचे आहे ते मात्र सोडू नये. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया अशा ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर ८० डीडीबीखाली ४०,००० रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तीवर रुग्णाचे नाव-वय, आजार, डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो विम्यापाशी. विम्याचे पैसे एकूण खर्चातून नव्हे, वजावटीच्या रकमेतून कापले जातात. ज्येष्ठ रुग्णावर ३ लाख खर्च झाले आणि विम्याचे ८०,००० मिळाले, तर वजावट २०,०००चीच. विम्याने लाखभर दिले तर शून्य.

ज्येष्ठाचा आरोग्यविमाच नसेल तर ८० डीखाली औषधोपचाराचे ५०,००० पर्यंत धरता येतात, पण रोखीने दिलेले पैसे चालत नाहीत. मेडिकलमध्ये यूपीआयने पैसे द्यावेत, बिल रुग्णाच्या नावाने घ्यावे. दिव्यांग अवलंबितासाठी ८० डीडीत तर खर्चाची रक्कम न मोजता सरसकट ७५,००० मिळतात, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,०००.

हे सगळे जुन्या करप्रणालीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. पगारदाराने मुदतीत रिटर्न भरताना जुनी निवडली नाही, तर या वजावटी हातच्या जातात. दोन्हीकडे कर काढून बघावा.

तिकिटात मात्र दिलासा आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे भाडे माफ असते, सोबत्यालाही सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते.

मालकाने कर्मचाऱ्याच्या परदेशातील उपचाराचा खर्च केला, तर रुग्णाचा आणि एका सोबत्याचा प्रवास करमुक्त धरण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठीची उत्पन्नमर्यादा २०२५ मध्ये २ लाखांवरून ८ लाखांवर नेली. म्हणजे प्रवास हा उपचाराचाच भाग आहे आणि रुग्णासोबत माणूस लागतो, हे सरकारला मान्य आहे. मग गडचिरोलीहून नागपूरला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याने कोणाचे काय घोडे मारले? ८० डीडीबीत प्रवासखर्चासाठी वेगळी मर्यादा ठेवावी, कारण आताची मर्यादा औषधांतच संपते. पुरावाही अवघड नाही : रुग्णालयाच्या कार्डावरची तारीख आणि तिकिटावरची तारीख जुळली की पुरे.

– एक करसल्लागार