खंडेनवमीला दिसलेली पट्टी

कोल्हापूर,
सोमवार, दुपार

चि. राणी हिस अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला. ‘पोचले’ एवढा एकच शब्द. आईनं तो तीनदा वाचला आणि फोन देव्हाऱ्याजवळ ठेवला.

फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. आज दुकानाला सुट्टी. तुझ्या डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या वहीत मागची पानं कोरी होती, ती फाडून घेतली. पुढच्या पानावर तू काढलेला गिअर आहे. एक एक दात किती सरळ काढलायस. ते पान फाडलेलं नाही.

बोटाबद्दल जास्त लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

खंडेनवमीला तू दुकानात आलीस तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. सगळं उद्यमनगर झेंडूनं पिवळं झालेलं. आपल्या लेथचा बेड मी सकाळीच डिझेलनं पुसून ठेवला होता, चकवर हळद-कुंकू लावायचं तेवढं तुझ्यासाठी ठेवलं होतं. लहान असताना तूच लावायचीस, टेलस्टॉकला सुद्धा लावायचीस, आणि व्हर्नियरच्या पेटीला पण. शेजारचे मिस्त्री आले तर मी सांगितलं, ही चाकणला प्रेस शॉपला असते, पत्रा दाबायच्या तीनशे टनाच्या प्रेसवर. ते म्हणाले, “पोरगी?” मी म्हटलं, “व्हय, पोरगी.” आणि मग तू माळ बांधायला हात वर केलास आणि बाही मागं सरकली.

चार दिवस घरी होतीस आणि चार दिवस हात ओढणीत. आई म्हणाली थंडी वाजत असेल. ऑक्टोबरात कोल्हापुरात कसली थंडी.

पत्र्याची धार लागली, चार टाके पडले, नख परत येईल असं डॉक्टर म्हणाले, एवढंच तू सांगितलंस. नंतर मी खोदून विचारल्यावर निघालं की प्रेससमोरचा लाईट कर्टन, हात आत गेला की मशीन थांबवणारा तो किरणांचा पडदा, बायपास करून ठेवलाय. सारखा ट्रिप होतो, मग नग भरत नाहीत, म्हणून. आणि तू ते इतक्या सहज बोललीस की मला तिथंच स्टुलावर बसावं लागलं.

त्यानंतर मी जे बोललो त्यातलं एक वाक्य मला परत घ्यायचंय. पोरीच्या हाताला काही व्यंग आलं तर पुढं कसं व्हायचं, असं मी बोललो. ते तोंडातून गेलं आणि तुझा चेहरा बघितला. तू मान खाली घालून कुंकवाची वाटी पुसत राहिलीस. राणी, ते माझ्या मनातलं नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. भीती वाटली की माणूस आपल्या बापाचे शब्द बोलतो, मी तुझ्या आज्जाचे बोललो. तुझ्या हाताची किंमत मी कोणाच्या बघण्यावर कधीच लावलेली नाही. तो हात ड्रॉइंग वाचून प्रेसची डाय, म्हणजे साचा, सेट करतो. मला डाय सेट करता येत नव्हती तुझ्या वयात. माफ कर मला.

मग मी म्हटलं, सोड ते काम, घरी ये. आणि तू विचारलंस, “तुम्ही सोडलासा काय, बाबा?”

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र आहे. खरं तर बावीस वर्षं उशीर झालाय त्याला.

माझ्या बोटाची गोष्ट तुला रंकाळ्यातल्या माशाची माहीत आहे. तू तीन वर्षांची असताना विचारलंस, मी म्हटलं रंकाळ्यात हात घातला आणि माशानं खाल्लं. कितीतरी वर्षं तू रंकाळ्याच्या कठड्यापासून हातभर लांब चालायचीस. मोठी झाल्यावर तू परत विचारलं नाहीस, कळलं असणार काहीतरी. पण काय झालं होतं ते मी कोणालाच पुरतं सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

1999 साल, उन्हाळा. आक्काचं लग्न ठरलं होतं. मी एका शॉपमध्ये पॉवर प्रेसवर होतो, पंपाचे ब्रॅकेट पंच करायचो. तुमच्यासारखी प्रेस नव्हे ती. जुनी, पिन क्लचची. फ्लायव्हील फिरतच असतं. पायपट्टी दाबली की पिन बसते आणि रॅम, म्हणजे वरचा ठोकळा, खाली येतो. ती पिन एकदा बसली की फेरा पुरा झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. पाय काढा, ओरडा, मेन स्विच बंद करा, तो पुरा खाली जाऊनच वर येणार. तुमच्या मशीनचा किरणांचा पडदा काय करतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हात आत गेला की रॅम जिथं असेल तिथं थांबतो. आमच्याकडे ते नव्हतं. आमच्याकडे होती लोखंडी जाळी, पुढच्या बाजूला, चार स्क्रूंवर.

नगावर पैसे होते. जाळीच्या फटीतून ब्रॅकेट काढायला वेळ लागायचा. दुसरी शिफ्ट सलग धरली होती मी त्या दिवशी. रात्री नऊच्या सुमाराला जाळी काढली. कोणी सांगितलं नव्हतं. मीच काढली, माझ्या हातानं, माझ्याच स्क्रूड्रायव्हरनं. दीड-दोन तास मस्त चाललं, नग भराभर पडत होते, मला आनंद झाला होता. मग एक ब्रॅकेट डायला चिकटला, मी हातानं काढायला गेलो आणि पाय पायपट्टीवरच होता.

दुखलं नाही. हे मी तुला सांगायला पाहिजे, कारण दुखेल तेव्हा हात मागे घेऊ असं माणसाला वाटत असतं. दुखणं नंतर आलं, दवाखान्यात.

तिथं कपडे बदलताना तुझ्या आजीच्या हाताला माझ्या पॅंटच्या खिशातले चार स्क्रू लागले. तिनं विचारलं, “हे कशाचं रं?” मी म्हटलं, असंच. तिनं ते पिशवीत टाकले. पुढं त्यांचं काय झालं मला माहीत नाही. पण झोप लागत नाही तेव्हा अजून तेच चार स्क्रू डोळ्यापुढं येतात, बोट नाही.

शेठनी दवाखान्याचं बिल भरलं, मी दुसरा कागद मागितला नाही. खूप नंतर एका कामगार संघटनेच्या माणसानं मला नुकसानभरपाईच्या कायद्याचा तक्ता दाखवला. कायदा 1923 सालचा. त्यात कुठल्या बोटाची किती पेरं गेली तर कमाईची ताकद किती टक्के कमी झाली ते लिहिलेलं होतं. तर्जनीची दोन पेरं: 11 टक्के. अख्खी तर्जनी: 14. नुसतं टोक, हाड न जाता: 5. मी तो तक्ता बराच वेळ बघत बसलो. भजनी मंडळात मी वाजवायचो ती पेटी काकाकडे गेली ती कितीत धरायची, असं मला त्या माणसाला विचारावंसं वाटलं, पण तो चांगला माणूस होता, त्याला कशाला.

माझं अक्षर असं वाकडं का, ते आता तुला नव्यानं कळेल. पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरतो. शाळेत माझं अक्षर फळ्यावर सुविचार लिहायला घ्यायचे.

आणि हो, सोडलं नाही मी. महिन्यानं परत कामावर गेलो. प्रेसवर जायचं धाडस झालं नाही म्हणून लेथ शिकलो, मग ही भाड्याची शेड, हा एक लेथ. म्हणजे तू बरोबर बोललीस. मी सोडलं नाही, तर तुला सोड म्हणायचा मला काय अधिकार. लेथनं आपल्याला दोन वेळचं दिलं, दादूची फी दिली, तुझं डिप्लोमाचं झालं. काम वाईट नव्हतंच कधी. जाळी काढली ते वाईट.

म्हणून काम सोडू नकोस. पण तो पडदा चालू करायला लाव. सुपरवायझरला सांग, नाही ऐकलं तर सेफ्टीवाल्याला लेखी दे. मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा पाहिजेच असं 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमानंच सांगितलं होतं. तुझे चार टाके अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहिलेत का बघ. लिहिले नसतील तर लिहून घे, ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडू नकोस, उद्या त्या बोटाला काही झालं तर आजचा कागद लागतो. दोन्ही हातांनी एकदम दाबायची दोन बटणं असतील तर कोणी एका बटणात पाचर मारून ठेवलीय का ते शिफ्टला उभी राहण्याआधी बघायचं. ड्रिलवर किंवा लेथवर कधी मदतीला गेलीस तर हातमोजे काढून जायचं, फिरत्या कामात मोजा हाताला आत ओढतो. अंगठी नको. वेणी टोपीत. आणि सलग दुसरी शिफ्ट कोणी कितीही...

बघ, परत सुरू झालं. यातलं सगळं तुला शिकवलेलं आहे, परीक्षेत तू लिहिलेलं आहे, मला माहीत आहे. दादू म्हणतो बाबा एकच रेकॉर्ड लावतात. लावतो. रागावू नकोस.

दुसरं काहीतरी लिहितो.

गुऱ्हाळं आता पेटतील, त्यामुळं घाण्याचे बुश आणि पिना घेऊन लोक यायला लागलेत. काल कागलकडचा एक म्हातारा गुऱ्हाळवाला आला, चरकाचा गनमेटलचा बुश झिजून कागदासारखा झालेला. गेल्या साली बदलायला पाहिजे होता. म्हटलं, एवढा कसा चालवलात? तर म्हणाला, चालत होता की. मी नवीन करून दिला, आतला बोअर घेताना तुझी आठवण झाली. दहावीच्या सुट्टीत तू दुकानात बसायचीस आणि मायक्रोमीटर बघून मला आकडा सांगायचीस, कारण माझा चष्मा झाला नव्हता. एकदा मी म्हटलं झालं माप, आणि तू म्हणालीस, नाही झालं, अजून दोन शतांश मिलीमीटर राहिलंय. गिऱ्हाईक हसलं. मी परत टूल लावलं. दोन शतांशच निघाले.

त्या गुऱ्हाळवाल्याच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. मला सवयच लागली आहे, चहाच्या गाड्यावर कोणी पेला धरला की माझी नजर आधी बोटांवर जाते. उद्यमनगरात ही सवय मला एकट्यालाच नसणार. कोणी कोणाला विचारत नाही. गेल्या महिन्यात एक पोरगा दिसला, एकोणीस-वीसचा असेल, पट्टी ताजी. त्यानं पेला दुसऱ्या हातात घेतला आणि पट्टीचा हात खिशात. तू ओढणीत घातलास तसाच.

लपवू नकोस एवढंच म्हणायचं होतं. माझ्यापासून तरी.

तुला आठवत नसेल, तू चालायला लागलीस ती माझं हे अर्धं बोट धरून. आई तिचं बोट पुढं करायची, आजी करायची, तू माझ्याकडं यायचीस. तेवढंच तुझ्या मुठीत पुरं मावायचं. रंकाळ्यावर त्या पाळण्यांपासून भेळेच्या गाड्यापर्यंत आपण तसं चालत जायचो. लोकांसमोर मी तो हात खिशात ठेवायचो तोपर्यंत. तुझ्यामुळं बाहेर काढला.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण दसऱ्याच्या दिवशी सोनं लुटायला दसरा चौकात गेलीच, तू नव्हतीस म्हणून दादूला ओढून नेलं. तुझ्या वाटणीची आपट्याची पानं तिनं ताटात तशीच ठेवलीत. तू पहाटेच्या गाडीनं गेलीस तेव्हा मी जागा होतो. दार वाजलं ते ऐकलं. उठलो नाही, ते चुकलं. कावळा नाक्यापर्यंत सोडायला यायला पाहिजे होतं.

शनिवारी मामा पुण्याला येतोय, तो पुढं चाकणपर्यंत येईल. चिवडा, गूळ आणि आपट्याची पानं त्याच्याकडं दिलीत. कागदात गुंडाळलेला एक चिमटा आहे, तो तुझ्यासाठी मी केलाय. टोकं अॅल्युमिनियमची आहेत मुद्दाम, डायमध्ये राहिला तर चिमटाच दबेल, डायला काही होणार नाही, त्यामुळं कोणी तुला ओरडणार नाही. मूठ नायलॉनची, टर्निंग करून घेतली. तुझ्या हाताचं माप माझ्याकडं नव्हतं, तू माळ बांधत होतीस तेव्हा बघितलं त्या अंदाजानं केलीय. टाके निघाले की धरून बघ. जाड वाटली तर मामाकडंच परत दे, मी अर्धा मिलीमीटर उतरवून पाठवतो.

टाके कधी काढणार ते आईला कळव.

तुझा,
बाबा