ताऱ्यांवर जाल हो, पण स्पेअर पार्ट कुठनं आणणार?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत माणूस दुसऱ्या ताऱ्यापर्यंत कधी पोचणार यावर लेख आला होता, वर अर्धं पान भरून यानाचं चित्र. मी तो दोनदा वाचला, एकदा गॅरेजमध्ये आणि एकदा घरी, कारण गॅरेजमध्ये ग्रीसचा हात लागून मधला कॉलम दिसेनासा झाला होता. मी हर्णै बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, पस्तीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय. पण आकाशाचा नाद लहानपणापासून आहे आणि मिळेल ते वाचत असतो, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

लेखात सगळं लिहिलंय, स्पीड लिहिलाय, इंधन लिहिलंय, तिथे गेल्यावर घरं कशी बांधणार ते पण लिहिलंय, फक्त एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे वाटेत काही बिघडलं तर काय करायचं. माझं म्हणणं असं की खरी अडचण तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका ट्रॉलरचं काम करून दिलं आणि तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणाला चल एक फेरी मार, आवाज ऐक इंजिनाचा. गेलो. वीस-बावीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोल पाण्यात असताना टेम्परेचरचा काटा चढायला लागला. समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवायला एक पंप असतो, त्यात रबरी पंख्यासारखा इम्पेलर असतो, त्याची पाती तुटली होती. वस्तू म्हणाल तर काही शे रुपयांची. पेटीत स्पेअर होता बरं का, मालकानं हौसेनं घेऊन ठेवलेला, पण तो जुन्या पंपाचा, शाफ्टला बसतच नाही, चावीची खाच वेगळी. मी कानस घेऊन अर्धा तास घासत बसलो, बसवला, दहा मिनिटं चालला आणि गेला. शेवटी वायरलेसवर हाका मारल्या, दुसरी बोट आली, दोर बांधला आणि चार तास ओढत आणलं. खलाशी हसतायत, मिस्त्री बरोबर असून बोट ओढून आणली. तर मला लेख वाचताना सारखं तेच आठवत होतं, की तिकडे दोर कोण टाकणार.

अंतर किती ते आधी बघू, कारण चार प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढा जातो ते एक प्रकाशवर्ष) म्हटलं की ऐकायला चार स्टॉप लांब वाटतं. सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटर. व्हॉयेजर १ हे यान १९७७ च्या सप्टेंबरात सुटलं, सेकंदाला १७ किलोमीटर जातंय, म्हणजे आमच्या हर्णैहून मुंबई चहाचा घोट घेईपर्यंत. २०१२ मध्ये ते सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडलं. (त्याच्यावरच्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी गेलीय हे सगळ्यांना पाठ झालंय, परत सांगत नाही.) ह्याच स्पीडनं ते प्रॉक्झिमाकडे निघालं असतं, तसं ते निघालेलं नाहीच, तर पोचायला ७५ हजार वर्षं लागली असती. सूर्याजवळून जाणारं पार्कर यान २०२४ च्या डिसेंबरात ताशी ६ लाख ९२ हजार किलोमीटरवर गेलं, माणसानं बनवलेल्या वस्तूंत सगळ्यात जोरात, आणि तो स्पीडसुद्धा सूर्यानं ओढल्यामुळे. तो कायम टिकला असं धरलं तरी साडेसहा हजार वर्षं.

बरं, स्पीड वाढवू म्हणता. मी वहीवर हिशोब मांडला. एक किलो वजन प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला न्यायचं तर साडेबारा कोटी युनिट वीज लागते. घराला महिन्याला शंभर युनिट धरा, म्हणजे लाखभर घरांची वर्षाची वीज, आणि ती एका किलोला! त्यात काही वाया जात नाही असं धरून. वर तिथे पोचल्यावर थांबायचं असेल तर तेवढीच शक्ती उलट लावायची, आणि त्याचं इंधन पण इथूनच वाहून न्यायचं म्हणजे त्याला वेग द्यायची वीज वेगळी. त्या स्पीडला समोरून एक मिलिग्रॅमची कणी आली तरी शंभर किलो टीएनटी, म्हणजे सुरुंगाची दारू, फुटल्यासारखं होतं. पण हे एक वेळ सुटेल असं मी धरतो. शास्त्रज्ञ हुशार असतात, काढतील काहीतरी. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

ह्या विषयात सगळे दर्यावर्दी लोकांचे दाखले देतात, लेखात पण होतेच, की वास्को द गामा नाही का अज्ञात समुद्रात निघाला. अहो, तो कुठे अज्ञात समुद्रात आला? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याला वाट माहीत असलेला माणूस मिळाला म्हणून १४९८ ला वारा धरून तेवीस दिवसांत केरळला लागला. परतताना पावसाळ्याचे वारे अजून बदलले नव्हते, तरी निघाला, तर तेच पाणी ओलांडायला तीन महिने लागले, माणसं मेली, आणि उरलेली इतकी कमी की एक जहाज चालवायला हातच नाहीत म्हणून ते वाटेत जाळून टाकलं. पण जाळून टाकून दुसऱ्या जहाजात बसता आलं. किनारा होता, किनाऱ्यावर झाड होतं, पाणी होतं, लिंबू होतं, माणूस होता. फळी कुजली तर फळी मिळते. तारे आणि आपण यांच्यामध्ये एक बंदर नाही, आडोशाला एक खाडी नाही.

आम्ही इथे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढतो, शाकारून ठेवतो, आणि ते दोन महिने दुरुस्तीच चालते. दहा महिने खाऱ्या पाण्यात राहिलेल्या बोटीचं काय होतं ते बघायचं असेल तर तेव्हा या. वर्षातले दोन महिने दुरुस्ती, आणि तरी डिसेंबरात इम्पेलर तुटतो. चारशे किलोमीटरवर अंतराळ स्थानक आहे, इथून रस्त्यानं कारवारला जाण्याइतकंच म्हणा, तिथे नोव्हेंबर २००० पासून कायम माणसं राहतायत, पाणी ९८ टक्क्यांपर्यंत परत वापरतात, खरोखर कौतुक आहे. पण खालून मालवाहू यान सारखं वर जातं, स्पेअर घेऊन, जेवण घेऊन. ते बंद केलं तर किती दिवस काढतील?

आणि १९९१ ला अमेरिकेत ॲरिझोनात आठ माणसं एका बंद काचेच्या इमारतीत दोन वर्षांसाठी शिरली होती, बायोस्फियर २ नाव, आत शेती, छोटा समुद्र, जंगल, सगळं. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ वर आला. मातीतले जीवाणू तो खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत होता त्यामुळे आधी हिशोबच लागेना. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडला. बाहेर ॲरिझोना होतं म्हणून.

आता कोणी म्हणेल व्हॉयेजर नाही का पन्नास वर्षं चाललं. चाललं, आणि माझ्या मते जगातलं सगळ्यात मोठं मिस्त्रीकाम तेच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात ते काहीबाही बरळायला लागलं, एक चिप गेली होती. जाऊन बदलणार कशी, २४०० कोटी किलोमीटर लांब. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस. नासाच्या लोकांनी सत्तरच्या दशकातले कागद बाहेर काढले आणि त्या मेलेल्या चिपमधला प्रोग्राम तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवला, एप्रिलपर्यंत ते परत शुद्धीवर आलं. वाचताना अंगावर काटा आला माझ्या. पण त्यात माणूस नव्हता, भूक नव्हती, पंप नव्हता. आणि वीज संपत आली म्हणून त्याची एकेक उपकरणं बंद करत चाललेत. प्रॉक्झिमाजवळून कोणी विचारलं की साहेब, बेअरिंग वाजतंय, काय करू, तर उत्तर साडेआठ वर्षांनी येईल.

म्हणजे यानातच वर्कशॉप पाहिजे. वर्कशॉपला लेथ पाहिजे, लेथला बेअरिंग, बेअरिंगला पोलाद, पोलादाला भट्टी, चिपला तर अख्खा कारखाना. मला साधा ऑइल सील पाहिजे असेल तर दापोलीत बघतो, नाहीतर चिपळूण, नाहीतर मुंबई, आणि मुंबईवाला कुठल्या तरी कारखान्यातून मागवतो. एका ऑइल सीलमागे हजार माणसं उभी असतात. ती हजार माणसं सोबत घेऊन जायची तर ते यान राहत नाही, तो जिल्हा होतो, आणि परत किलोला साडेबारा कोटी युनिट आहेतच.

घरची एक गोष्ट सांगतो मग आवरतो. माझा पोरगा गॅरेजात यायला तयार नाही. हुशार आहे, हात चांगला आहे, पण म्हणतो पप्पा मला डिझेलचा वास नको, गेला मुंबईला. मी चिडलो, नंतर गप्प बसलो, त्याचं आयुष्य आहे. आता प्रकाशाच्या पाच टक्के स्पीडनं निघालेलं यान पोचायला ८५ वर्षं लागतात. निघालेला मिस्त्री पोचत नाही. त्याच्या पोरानं, मग नातवानं तोच पंप सांभाळायचा. आणि त्या पोराला नको असेल तर? त्याच्यासाठी डेपोतून सुटणारी एसटी नाही. त्याला जबरदस्तीनं बसवायचं का? बसवला तरी तो काम कसं करेल ते मला माहीत आहे, नट हातानं पिळून सोडून देईल. लेख लिहिणारे म्हणतात पिढ्यान्‌पिढ्या लोक आनंदानं राहतील. आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या लोक आनंदानं राहत होते, आता दहातली सहा घरं गणपतीलाच उघडतात.

म्हणून विचाराल तर माझं उत्तर, माणूस जाणार नाही. मशीन जाईल, आणि ते पण अगदी हलकं. २०१६ ला ती स्टारशॉटची कल्पना मांडली होती, शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग पण होते त्यात, काही ग्रॅमची चिप, तिला शीड, आणि जमिनीवरून लेझरचा वारा, प्रकाशाच्या वीस टक्के वेग, वीस वर्षांत पोचणार. शिडाचं ऐकून मला बरं वाटलं. थांबता येणार नाही तिला, पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर ती ४२ मिनिटांत कापेल, तेवढ्यात काय फोटो मिळतील ते मिळतील. पण तिच्यात दुरुस्त करायला काही नाही, बिघडली तर दुसरी सोडायची. हे मला पटतं.

मे महिन्याच्या शेवटी बोटी वर घ्यायची गडबड असते, रात्री साडेदहाच्या सुमारास ढग नसतील तर दक्षिणेला पाण्याच्या थोडं वर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात, त्यातला जास्त तेजस्वी तो नरतुरंग तारकासमूहातला मित्र नावाचा तारा. प्रॉक्झिमा त्याचाच सोबती, पण साध्या डोळ्यांना दिसत नाही. खलाशांना मी दरवर्षी दाखवतो, ते म्हणतात हां हां, आणि दोर ओढायला लागतात.

लेखकाला माझा निरोप द्या, जूनमध्ये गॅरेज उघडं असतं, यावं. तो तुटका इम्पेलर अजून खिळ्याला टांगलेला आहे, दाखवतो.

आपला,
एक बोट मिस्त्री, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)