मासा खात नाही, म्हणून लगेच औषध नको
संपादक महोदय,
घरातल्या काचेच्या टाकीतला मासा खायचा थांबला की लोक आधी औषधाची बाटली उघडतात. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, माझा हात आधी परीक्षानळीकडे जातो. टाकीत अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्यच हवेत. पाणी नितळ दिसलं तरी त्यात दोन्ही असू शकतात. आढळले तर पाव ते तृतीयांश पाणी बदलावं. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्याच तापमानाचं हवं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खसखसून धुणं तर घातकच. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात आणि क्लोरीनने मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळावा.

पाणी ठीक निघालं, तर मासा न्याहाळावा. अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत? विष्ठा पांढरट, लांबट? की नवा सोबती दादागिरी करतोय? प्रत्येकाचा उपाय वेगळा. (सिक्लिड कुळातल्या काही माशांच्या माद्या तोंडात अंडी सांभाळतात, तेव्हा त्या जवळजवळ उपाशीच असतात. त्यांना कृपया आजारी ठरवू नये!) धडधाकट प्रौढ मासा काही दिवसांचा उपास सहसा सोसतो, अंदाजाने ओतलेली काही औषधं मात्र फिल्टरमधले जिवाणूही मारतात. उत्पादकांनी बाटलीवर ‘आधी पाणी तपासा’ एवढं तरी ठळक छापावं.

— एक निवृत्त शिक्षिका