सूचना : गोदावरीवरचा पादचारी-सायकल पूल, रविवारी पाहणी

सदस्यहो, नांदेडात पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी नदीवर वेगळा पूल हवा, असं निवेदन महापालिकेला द्यायचंय. आधी जागा बघू. येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता गोवर्धन घाटावर जमा, तिथून कौठ्याकडे.

- सायकल आणाच. आताच्या पुलावर मोठी गाडी शेजारून गेली की हँडल कसं थरथरतं, ते निवेदनात येऊ द्या.
- विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी कुठवर चढतं, हे घाटावरच्या जुन्या माणसांना विचारा. पुलाची उंची पूररेषा बघूनच ठरते.
- चढ १२ मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, व्हीलचेअरही जायला हवी. लांब टेप कोणाकडे आहे?
- तोंडाशी खांब मागायचेच, नाहीतर महिनाभरात मोटारसायकली घुसतील.

सही करणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. चहा ज्याचा त्याचा.